दहा पॉइंट दोन

सहा मार्चला रसायनशास्त्र विभागाच्या नुकसानभरपाईच्या वहीत धाकटीच्या नावावर तीनशे चौऱ्याऐंशी रुपये पडले. ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची काचेची लांब नळी, एक, तीनशे चाळीस. बीकर एक, चव्वेचाळीस. 'कारण' या रकान्यात लॅबच्या काकांनी सवयीने लिहिलं होतं, 'हातून निसटून'.

"निसटली नाही काका. मी आपटली," धाकटी म्हणाली.

"मी सगळ्यांचं निसटूनच लिहितो. आपटली लिहिलं की चौकशी लागते."

"लागू दे. आणि हे बीकर कोणाचं?"

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. बीकर धाकटीने फोडलं नव्हतं. ते जानेवारीपासून तळाला तडकलेलं होतं, सिंकखालच्या कपाटात पडून होतं आणि वर्षअखेरची मोजदाद जुळावी म्हणून कोणाच्या तरी नावावर जायची वाट बघत होतं. आज ब्युरेटच्या जोडीने त्याचाही नंबर लागला.

"नाहीतरी पावती फाडायचीच होती," काका म्हणाले. "म्हटलं, एकाच कागदात होऊन जाईल."

"ब्युरेटचे देते. बीकरचे देणार नाही."

"नको देऊस. वहीत राहतील."

काका वाईट माणूस नव्हते. छत्तीस वर्षं त्यांनी त्या लॅबमध्ये बाटल्या भरल्या होत्या, लेबलं चिकटवली होती, पोरांचे भाजलेले हात नळाखाली धरले होते. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं कोणाच्या अध्यातमध्यात न येता काढायची, एवढाच त्यांचा बेत होता. धाकटीला ते माहीत होतं. तरी त्या क्षणी तिला त्यांचाही राग आला. त्या दिवशी तिला भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा राग येत होता.

ब्युरेट आपटण्याआधी तासभर काय झालं, ते सांगायचं तर आधी धाकटी कोण ते सांगायला हवं.

घरात दोन मुली. थोरली लग्न होऊन गेली, ही धाकटी. आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर जोडायची. वडील वीज कंपनीत मीटर वाचायचे. सकाळी खांद्याला पिशवी अडकवून निघायचे, जिने चढायचे, जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारायचे आणि तबकडीवर दिसेल तो आकडा वहीत लिहायचे. धाकटी लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची. बाबांनी आकडा म्हणायचा, तिने लिहायचा. कोणत्या घरात कुत्रं आहे, कोणत्या घरातली म्हातारी पाणी विचारते, कोणत्या दुकानदाराने मीटरपुढे पोती रचलीत, हे ती आपल्या वेगळ्या वहीत लिहायची. शास्त्र आणि गोष्ट या दोन गोष्टी तिच्या हातात अशा एकाच जिन्यावर आल्या. त्यांना कोणी वेगळं करावं, असं तिला तेव्हाही वाटलं नव्हतं.

कॉलेजात नवा नियम आला. मुख्य विषयाला एक दुय्यम विषय जोडायचा. रसायनशास्त्राच्या सेहेचाळीस पोरांपैकी पंचेचाळीस जणांनी कॉम्प्युटर नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. धाकटीने 'कथालेखन' या चौकटीत खूण केली. ऑफिसच्या क्लार्कने अर्ज दोनदा परत केला. पहिल्यांदा म्हणाला, "पेन घसरलं वाटतं." दुसऱ्यांदा म्हणाला, "घरी विचारलंस का?"

वर्गात दुसऱ्याच दिवसापासून तिचं नाव 'लेखिका' पडलं. "लेखिकाबाई, ॲसिड सांडलंय, चार ओळी होऊन जाऊ दे." "लेखिकेला आधी हुंगू द्या रे, तिला वासाचं वर्णन करायचंय." ती हसून घ्यायची. पहिलं वर्ष हसली, दुसरं वर्ष हसली. तिसऱ्या वर्षी हसायची बंद झाली.

कथालेखनाच्या बाई कडक. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "'सुंदर', 'भयंकर', 'अवर्णनीय' हे शब्द ओल्या छत्रीसारखे दाराबाहेर ठेवून आत यायचं. काय दिसलं ते लिहा. किती वेळ दिसलं, कुठून दिसलं, ते लिहा. तुम्हाला काय वाटलं, ते वाचणाऱ्याचं त्याला कळेल." धाकटीला वाटलं, हे तर आपल्या बाबांचं काम. हे आपल्याला येतं. बाईंचं हे वाक्य तिने उचललं आणि थेट लॅबमध्ये नेलं. तिथेच तिचं चुकलं, असं पुढे सगळे म्हणाले.

त्या लॅबची एक रीत होती. ती नियमावलीत लिहिलेली नव्हती, पण नियमावलीपेक्षा काटेकोर पाळली जायची. वर्गात एक 'लाल जर्नल' फिरायचं. कधीकाळच्या एका हुशार विद्यार्थ्याचं, लाल पुठ्ठ्याचं, सगळे प्रयोग, सगळी रीडिंगं, प्रत्येक पानावर सही. तो विद्यार्थी कधीच पास होऊन कुठेतरी नोकरीला लागला होता, पण त्याची रीडिंगं दरवर्षी नव्या पोरांना मिळत. सध्या ते जर्नल ज्या मुलाकडे होतं, त्याला सगळे सावकार म्हणत. एका रात्रीसाठी दोन समोसे, असा त्याचा दर होता. पोरं लॅबमध्ये यायची, ब्युरेट भरायची, थोडा गुलाबी रंग करून बघायची, धुऊन ठेवायची आणि घरी जाऊन लाल जर्नलमधला आकडा उतरवायची. ॲसिडच्या प्रयोगाचा आकडा होता दहा पॉइंट दोन. सेहेचाळीस जर्नलांत दहा पॉइंट दोन असायचं. सर दहा पॉइंट दोनवर बरोबरची खूण करायचे, खाली सही ठोकायचे आणि चहाला जायचे.

धाकटीला फेब्रुवारीत आलं तेरा पॉइंट सात.

तिने परत केलं. तेरा पॉइंट आठ. परत केलं. तेरा पॉइंट सात.

प्रयोग अगदी साधा. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, वर ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण. थेंबथेंब सोडायचं. रंग दाखवणारं औषध आधीच घातलेलं असतं. ॲसिड संपलं की पाणी गुलाबी होतं. किती कॉस्टिक लागलं, तेवढं वाचायचं. धाकटीने वाचलं. मग तिने बाटली उचलून बघितली आणि जर्नलमध्ये लिहिलं:

'कॉस्टिकच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली आहे, वाळलेल्या साबणासारखी. बूच फिरवताना करकरतं. लेबलवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. गुलाबी रंग आला, पण टिकला नाही. मी वीस मोजेपर्यंत फ्लास्कच्या कडेने निघून गेला. पुन्हा थेंब टाकल्यावर पुन्हा आला. द्रावण हवेतला वायू खाऊन कमजोर झालं असावं, म्हणून ते जास्त लागतं.'

पुस्तकात हेच लिहिलेलं आहे. उघड्या हवेत कॉस्टिक कमजोर होतं, तोंडाशी पांढरं धरतं, रंग टिकत नाही. पुस्तकात लिहिलेलं तिने डोळ्यांनी बघितलं आणि तिला इतका आनंद झाला होता की त्या पानाच्या कोपऱ्यात तिने बाटलीचं चित्रही काढलं.

सहा मार्चला सरांनी ते पान उघडलं. सर म्हणजे विभागप्रमुख, वय पंचावन्न, केस नीट बसवलेले, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

"हे काय आहे?"

"निरीक्षण, सर."

"निरीक्षण की कादंबरी?" सरांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'फ्लास्कच्या कडेने निघून गेला.' कोण निघून गेला? पाहुणा?" वर्ग हसला. सावकार सगळ्यांत आधी हसला. "'खपली आहे.' ही लॅब आहे का दवाखाना?"

"सर, खपली आहे. बाटली बघा तुम्ही."

"मी तीस वर्षं बाटल्या बघतोय. आकडा किती यायला पाहिजे?"

"मला तेरा पॉइंट सात आला."

"यायला किती पाहिजे, विचारलं मी."

सरांनी लाल पेन काढलं. त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग मागची पानं उलटली, तिथेही वर्णनं होती, तिथेही मारली. अकरा पानं. बाटलीच्या चित्रावरूनही रेघ गेली.

"तेरा तारखेपर्यंत हे परत लिहून आण. बरोबर आकडे, कोरडी भाषा. नाहीतर सही नाही. सही नाही तर परीक्षेला बसायचं नाही, वर्ष गेलं. गोष्टी लिहायच्या तर त्या बाईंकडे लिही. इथे शास्त्र चालतं."

सेहेचाळीस जणांत एकटीने प्रयोग केला होता, आणि तिला शास्त्र सांगणारा माणूस दुसऱ्याच्या जर्नलमधली सात वर्षांपूर्वीची रीडिंगं मागत होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते धाकटीला त्या दिवशी कळलं. ती टेबलाशी परत आली. ब्युरेट स्टँडवरून काढली, धुवायला म्हणून उचलली आणि ओट्याच्या कडेवर आपटली. तीन तुकडे झाले. काका केरसुणी घेऊन आले.

तुकडे गोळा करताना काका हळूच म्हणाले, "बाटली जुनीच आहे. मी तीनदा मागणी लिहून दिली. मागणीच्या वहीत आहे, तारखेसकट."

"मग सरांना सांगा ना."

"वहीवर सही त्यांचीच आहे. न वाचता केलेली." काकांनी सुपली उचलली. "आणि पोरी, कोणाला लागते ती बाटली? आकडा तर लाल जर्नलमधून येतो."

हे ऐकून धाकटीला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुपारी ती कथालेखनाच्या बाईंकडे गेली. कोणीतरी आपल्या बाजूचं असेल, या आशेने गेली. बाईंच्या टेबलावर तिचीच कथा होती. मीटर वाचणाऱ्या माणसाची. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी दिलेली.

"बरं झालं आलीस," बाई म्हणाल्या. "कथा घेतलीय मी. फक्त हे आकडे काढूया. चार हजार एकशे बारा, चार हजार एकशे साठ, वाचणारा कंटाळतो."

"बाई, त्या आकड्यांतूनच कळतं ना, त्या घरात माणूस वाढलं ते."

"ते मी एका वाक्यात घातलंय." बाईंनी पान फिरवलं. पेन्सिलने लिहिलं होतं, 'त्या घरात नवं आयुष्य उमलत होतं.' "आणि शेवटी बाप आजारी पडू दे. डोळ्यांत थोडं पाणी यायला हवं. अंक पालक वाचतात."

"बाई, तुम्हीच म्हणालात, दिसलं ते लिहा."

"अगं, ते वर्गात. हे छापायचं आहे."

धाकटीने टेबलावरून कथा उचलली. "मग नका छापू," ती म्हणाली, आणि बाई काही म्हणायच्या आत बाहेर पडली. एकीकडे खोटे आकडे हवे होते, दुसरीकडे खोटे अश्रू. दोन्ही माणसं शिकलेली, दोन्ही माणसं चांगल्या घरातली, आणि दोघांनाही हट्टी वाटत होती ती तेवढी धाकटी.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "लिहून टाक दहा पॉइंट दोन."

"बाबा."

"काय बाबा? तीन वर्षांची फी भरलीय. आईची बोटं बघ सुईने काय झालीत. एका आकड्यासाठी वर्ष घालवणार? बंद घराची मी पण सरासरी टाकतो. कोण मरतं त्याने?"

"म्हणजे तुम्ही पण तसलेच."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि आईने ताटावरून मान वर केली. बाबांनी ताट उचलून मोरीत ठेवलं, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली सायकलवाला चाकातली हवा बघत होता. धाकटी आत भिंतीकडे तोंड करून बसली. रडू येत नव्हतं, याचाच तिला राग येत होता.

सकाळी बाबा बूट घालायला उंबऱ्यात बसले. पिशवी शेजारी. धाकटी चहाचा कप घेऊन आली तेव्हा त्यांनी पिशवीतून वही काढली आणि तिच्यापुढे धरली.

"हे बघ. आकड्यापुढे काय आहे?"

काही आकड्यांपुढे काही नव्हतं. काहींपुढे बारीक 'स' होता.

"स म्हणजे सरासरी. घराला कुलूप होतं, मी आकडा बघितला नाही, अंदाजाने टाकला. आकडा खोटा असेल, पण खोटा आहे, हे मी शेजारी लिहिलंय. कालचं तुझं बोलणं लागलं मला. पण पूर्ण खोटं नव्हतं."

"म्हणजे?"

"एकदा साहेब म्हणाले, आपल्या भागात 'स' फार दिसतात, वरून विचारणा येते. 'स' लिहू नकोस. नाही लिहिला. चार महिने. मग एक बाई बिल घेऊन ऑफिसात आली. चार महिने दवाखान्यात होती. घराला कुलूप, आणि माझ्या वहीत तिच्या घरी रोज दिवे लागलेले."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार. साहेब म्हणाले, मीटर वाचणाऱ्याची चूक. मी मान खाली घालून उभा राहिलो." बाबांनी बुटाची नाडी ओढली. "त्या दिवसापासून 'स' सोडला नाही. साहेबाला काय आकडा हवा तो देतो. शेजारचं अक्षर माझं."

ते जिना उतरून गेले. कप तिच्या हातातच राहिला.

तेरा मार्चपर्यंत धाकटीने जर्नल नव्याने लिहिलं. भाषा कोरडी. आकडे सरांना हवे तेच. ॲसिडच्या प्रयोगापुढे दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन. त्यासाठी सावकाराला दोन समोसे द्यावे लागले आणि "आली का लेखिका लायनीवर" हे ऐकूनही घ्यावं लागलं. पण प्रत्येक उतरवलेल्या आकड्यापुढे तिने एक 'न' लिहिला. बारीक नाही, चांगला ठळक. पहिल्या पानावर, जिथे अनुक्रमणिका असते तिथे, खाली एक ओळ लिहिली: 'न म्हणजे नक्कल. हा आकडा मी घेतलेला नाही. विभागप्रमुखांच्या सूचनेवरून जुन्या जर्नलमधून उतरवला आहे. मी घेतलेली रीडिंगं आणि निरीक्षणं शेवटच्या अकरा पानांवर आहेत.' आणि शेवटच्या अकरा पानांवर खपली, करकरणारं बूच आणि वीस मोजेपर्यंत निघून जाणारा गुलाबी रंग, सगळं परत लिहिलं. एक शब्द कमी केला नाही. बाटलीचं चित्रही परत काढलं. यावेळी लेबलवरची तारीख वाचता येईल एवढं मोठं.

ती सरांच्या टेबलापुढे उभी राहिली. सरांनी जर्नल उघडलं. ॲसिडचं पान काढलं. दहा पॉइंट दोन. निळ्या पेनाने बरोबरची खूण, सही. पुढचं पान, सही. शेवटच्या अकरा पानांवरही सही, कारण तिथेही पान होतं.

"बघ," सर म्हणाले. "सांगितलं की जमतं तुला."

बाहेर येऊन तिने सह्या मोजल्या. एकही पान सुटलं नव्हतं. वाटलं होतं, वाचतील, भडकतील, निदान भांडण तरी होईल. वाचलंही नाही, याने तिचं पित्त जास्तच खवळलं.

तेवीस मार्चला प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आल्या. साठीच्या आसपास, सपाट चपला, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणं कमी. चोवीस जणांची पहिली तुकडी, नेमका ॲसिडचाच प्रयोग. पाऊण तासात तेवीस जणांच्या कागदावर दहा पॉइंट दोन आलं. धाकटीच्या कागदावर तेरा पॉइंट नऊ.

परीक्षकबाई जर्नलांच्या ढिगापाशी बसल्या. एकेक उघडत होत्या, मिटत होत्या. धाकटीचं उघडलं आणि मिटलं नाही. पहिलं पान वाचलं. मग शेवटची अकरा वाचली. सावकाश. मग तिला बोलावलं.

"हे 'न' तुम्ही लिहिलेत?"

"हो."

"या पानावर सही कोणाची?"

"सरांची."

सर पुढे आले, हसले. "ही आमची लेखिका आहे, मॅडम. कथालेखन विषय आहे तिचा. थोडी कल्पनाशक्ती..."

परीक्षकबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "कॉस्टिकची बाटली आणा," त्या काकांना म्हणाल्या. बाटली आली. त्यांनी ती खिडकीशी धरून फिरवली. बूच करकरलं. सगळ्या लॅबने ते ऐकलं. त्यांनी चष्मा लावला, स्वतः ब्युरेट भरली, स्वतः थेंब सोडले. फ्लास्क हातात धरून तोंडातल्या तोंडात मोजत राहिल्या. एकोणिसाला रंग गेला. त्यांनी आकडा वाचला आणि फळ्यावर लिहिला. तेरा पॉइंट नऊ.

तेवीस पोरं फळ्याकडे बघत होती. सावकार आपल्या कागदाकडे बघत होता.

"दोन वर्षांपूर्वीच्या या बाटलीतून दहा पॉइंट दोन निघू शकत नाही," परीक्षकबाई म्हणाल्या. "तेवीस जणांना ते कसं आलं?"

उत्तर सरांनी दिलं, आणि बोलताना त्यांना जराही अडखळायला झालं नाही. "द्रावण ताजं ठेवणं हे यांचं काम आहे, मॅडम." त्यांनी काकांकडे हात केला. "मी आजच मेमो काढतो."

धाकटी पुढे झाली. "सर, काकांनी तीनदा मागणी लिहून दिली होती. मागणीच्या वहीत आहे. खाली तुमची सही आहे." ती काकांकडे वळली. "काका, वही आणा."

काका हलले नाहीत.

"काका, कपाटातच आहे ना. आणा."

काकांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा फरशीकडे. "बाटली माझ्याकडून राहिली, मॅडम," ते म्हणाले. "लक्षात आलं नाही."

धाकटीला वाटलं, आता काहीतरी आपटावं. पण हातात काहीच नव्हतं. बाबा एका साहेबासमोर असेच उभे राहिले असणार, मान अशीच खाली घालून. त्या विचाराने राग कमी झाला नाही. उलट इतकी वर्षं ज्या रागाचा पत्ता तिला माहीत नव्हता, तोही येऊन यात मिसळला.

शेजारच्या कॉलेजातून ताजं द्रावण मागवलं गेलं. दुपारी तेवीस जणांनी परीक्षा परत दिली. यावेळी खरी. कोणाला दहा पॉइंट चार आलं, कोणाला नऊ पॉइंट आठ, चौघांना ब्युरेट वाचताच येईना. धाकटीला परत द्यायची नव्हती, तिचा सकाळचा आकडा धरला गेला. बाहेर व्हरांड्यात तिच्याशी कोणी बोललं नाही. सावकार जाता जाता म्हणाला, "समोशांचे पैसे परत देऊ का?" तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो पुढचं वाक्य गिळून गेला.

जर्नलला तिला दहापैकी सात गुण मिळाले. परीक्षकबाईंनी शेरा लिहिला होता: 'निरीक्षण उत्तम. वाक्यं लांबतात.' ते वाचून धाकटीला महिनाभरात पहिल्यांदा हसू आलं. वाक्यं खरंच लांबत होती.

बाकी फारसं काही झालं नाही. सर सरच राहिले. लाल जर्नल गेलं, पण पुढच्या महिन्यात निळं फिरायला लागल्याचं कानावर आलं. वार्षिक अंकात तिच्या कथेच्या जागी सायकलच्या दुकानाची जाहिरात आली. कथा तिने आकड्यांसकट परत लिहिली. त्यात दवाखान्यातून आलेली बाई घातली आणि बापाला आजारी पाडलं नाही. बाईंनी तिला दुय्यम विषयात 'ब' श्रेणी दिली.

मेमो मात्र निघाला. तो काकांच्या फाईलला लागला.

निकालानंतर धाकटी ब्युरेटचे पैसे भरायला लॅबमध्ये गेली. काका लेबलं चिकटवत होते. नव्या कॉस्टिकची बाटली, आजची तारीख.

"वही का आणली नाहीत?" तिने विचारलं. परीक्षेपासून हे वाक्य तिच्या मनात होतं.

"वही आणली असती तर सरांचं काय झालं असतं? एक पत्र. माझं काय झालं असतं? दोन वर्षं रोज त्यांच्याच हाताखाली." काकांनी लेबल अंगठ्याने दाबून बसवलं. "तू लिहिलंस ते बरोबर होतं. मी चूक म्हणत नाही. पण मेमो तुझ्या फाईलला लागला नाही, माझ्या लागला."

"म्हणून मी दहा पॉइंट दोन लिहायला हवं होतं?"

"असं मी कुठे म्हटलं?"

ती त्यांच्यावर चिडलेली होती, आणि त्यांनी काही चूक सांगितलं नव्हतं, म्हणून आणखी चिडलेली होती. तिने तीनशे चाळीस मोजून टेबलावर ठेवले. काकांनी पावती फाडली, वही उघडली आणि 'हातून निसटून' खोडून त्यावर लिहिलं, 'आपटून'.

मग बोट खालच्या ओळीवर आलं.

"बीकर?"

"ते आधीच तडकलेलं होतं."

"माहीत आहे," काका म्हणाले, आणि वही मिटली.

बीकरचे चव्वेचाळीस रुपये धाकटीच्या नावावर अजून येणे आहेत.